नेटवर्क उपकरणांवरील अलर्टची चाचणी, चालू काम न थांबवता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्विच, राउटर, फायरवॉल यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एकच मुद्दा दोन ठिकाणी येतो तेथे केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अलर्टची चाचणी म्हणजे नेमके काय तपासायचे? चाचणीचा मेल आला की काम झाले असे समजावे का?

नाही. अलर्ट ही पाच कड्यांची साखळी असते. उपकरणाला बिघाड कळतो, तो निरोप देखरेख सर्व्हरपर्यंत पोहोचतो, तेथील नियम तो निरोप दखल घेण्याजोगा आहे की नाही हे ठरवतो, मग सूचना मेल, एसएमएस किंवा फोनने बाहेर पडते आणि शेवटी कोणीतरी माणूस ती वाचून योग्य उपकरणाकडे वळतो. बहुतेक प्रणालींत सूचनेच्या पानावर जे 'टेस्ट' बटण असते ते केवळ चौथी कडी तपासते. ते दाबून मेल आला म्हणजे मेल सर्व्हर चालू आहे एवढेच सिद्ध होते. ट्रॅप (उपकरणाने स्वतःहून पाठवलेला निरोप) येतो का, नियम जुळतो का, याविषयी त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून चाचणीपूर्वी एक ओळ लिहून ठेवावी: आज कोणत्या कड्या तपासत आहोत आणि कोणत्या नाही. पुढील सर्व पद्धती साखळीच्या वेगवेगळ्या ठिकाणी निरोप घालतात, आणि जेथे निरोप घातला त्याच्या अलीकडचा भाग प्रत्येक वेळी न तपासलेलाच राहतो.

२. चालू स्विचची एखादी केबल काढून पाहणे हा सर्वांत सोपा मार्ग नाही का?

सोपा आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. पोर्टवरील नाव आणि पोर्टला प्रत्यक्षात जोडलेली वस्तू यांचा मेळ अनेक ठिकाणी बसत नाही. शिवाय परिणाम त्या एका पोर्टपुरता राहीलच असे नाही. स्पॅनिंग ट्री (स्विचमधील वर्तुळाकार मार्ग टाळणारी पद्धत) चालू असलेल्या नेटवर्कमध्ये 'एज पोर्ट' (ज्याला केवळ शेवटचे यंत्र जोडायचे असा पोर्ट) म्हणून न नोंदवलेला पोर्ट खाली-वर झाला की रचना बदलल्याची सूचना सर्व स्विचना जाते आणि ते शिकलेले मॅक पत्ते (यंत्रांचे हार्डवेअर-पत्ते) लवकर विसरतात, स्पॅनिंग ट्रीच्या मूळ ८०२.१डी पद्धतीत ही मुदत नेहमीच्या ३०० सेकंदांवरून १५ सेकंदांवर येते. परिणामी काही काळ रहदारी सर्व पोर्टवर पसरते. लिंक अ‍ॅग्रिगेशनमधील (अनेक केबल मिळून एकच जोडणी) एक केबल काढल्यास सेवा चालू राहते हे खरे, पण उरलेल्या केबलवर भार पेलण्याइतकी जागा आहे का हे आधी पाहिलेले नसेल, तर चाचणीतूनच बिघाड जन्माला येतो.

लिंक बंद झाल्याचा अलर्ट तपासायचा असेल तर आधी प्रश्न ३ आणि नंतर प्रश्न ८ पाहावा.

३. उपकरणाला हात न लावता एसएनएमपी ट्रॅप कसा पाठवता येईल?

एसएनएमपी ही उपकरणांची स्थिती वाचण्याची आणि त्यांचे निरोप पाठवण्याची प्रमाणित पद्धत. तिच्या नेट-एसएनएमपी या साधनसंचात ट्रॅप पाठवण्याची स्वतंत्र आज्ञा आहे. कोणत्याही लिनक्स यंत्रावरून देखरेख सर्व्हरच्या यूडीपी १६२ या पोर्टवर (हा केबलचा पोर्ट नव्हे, सेवेचा क्रमांक) 'लिंक डाउन'चा प्रमाणित ट्रॅप, म्हणजे १.३.६.१.६.३.१.१.५.३, पाठवावा आणि पाठोपाठ 'लिंक अप'चा, म्हणजे १.३.६.१.६.३.१.१.५.४, पाठवावा. दुसरा ट्रॅप विसरू नये. बिघाडाचा अलर्ट व्यवस्थित येतो, पण बिघाड दूर झाल्यावर तो मिटत नाही, हा दोष फार आढळतो आणि तो अर्धीच चाचणी केल्यामुळे वर्षानुवर्षे लपून राहतो.

येथे एक अडचण हमखास येते. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीतील ट्रॅपमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिण्याची वेगळी जागा असते. दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ रचनेत ती नाही, त्यामुळे घेणारा सर्व्हर बहुधा पॅकेट ज्या पत्त्यावरून आले त्यालाच उपकरण मानतो. आपल्या लॅपटॉपवरून पाठवलेला ट्रॅप म्हणूनच 'अनोळखी' ठरून टाकून दिला जातो. यावर उपाय म्हणून खऱ्या राउटरचा पत्ता खोटेपणाने वापरू नये. ज्या यंत्रावरून चाचणी करायची ते यंत्रच 'चाचणी-उपकरण' म्हणून देखरेख प्रणालीत नोंदवावे आणि त्याला खऱ्या उपकरणांचेच नियम लावावेत.

तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक गाठ आहे. ट्रॅपच्या बाबतीत पाठवणाऱ्याचा 'इंजिन आयडी' (त्याच्या एसएनएमपी यंत्रणेची ओळखखूण) ग्राह्य धरला जातो, त्यामुळे तो घेणाऱ्या सर्व्हरवर वापरकर्त्यासोबत नोंदलेला असावा लागतो. 'इन्फॉर्म' प्रकारात मात्र घेणाऱ्याचा आयडी चालतो. इन्फॉर्मला पोच मिळते, ट्रॅपला मिळत नाही. म्हणजे ट्रॅप पाठवल्यावर आज्ञा बिनतक्रार संपली, याचा अर्थ तो पोहोचला असा होत नाही.

४. सिसलॉगवर आधारलेले अलर्ट कसे तपासावेत?

सिसलॉग म्हणजे उपकरणांनी आपल्या नोंदींचे संदेश सर्व्हरला पाठवण्याची पद्धत. लिनक्सवरील 'लॉगर' या आज्ञेने दूरच्या सर्व्हरला हवा तो संदेश पाठवता येतो. पारंपरिक पोर्ट यूडीपी ५१४ आहे आणि टीएलएससह (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) ६५१४. संदेशाच्या सुरुवातीचा प्राधान्य-आकडा नीट ठरवावा. फॅसिलिटीच्या (संदेशाच्या स्रोताचा प्रकार) आकड्याला ८ ने गुणून त्यात गांभीर्याची पातळी मिळवली की तो आकडा येतो. 'लोकल ७' ही फॅसिलिटी २३ आणि 'एरर' ही पातळी ३, म्हणून १८७. गांभीर्य ० ते ७ असे असते आणि ० सर्वांत गंभीर. 'जितका मोठा आकडा तितका मोठा बिघाड' असे धरून लिहिलेला नियम नेमका उलटा वागतो.

संदेश मनाने रचू नये. जुन्या नोंदींतून त्याच मॉडेलचा खरा संदेश उचलावा आणि त्यातील उपकरणाचे नाव व वेळ एवढेच बदलावे. नियम सहसा मजकुरातील ठरावीक शब्दरचनेवर चालतो, आणि आपण हाताने लिहिलेला संदेश त्या नियमाला जुळतो यात नवल नाही, कारण दोन्ही आपल्याच डोक्यातून उतरलेले असतात. वेळेचा प्रकारही पाहावा: जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) ३१६४ मध्ये वर्णिलेल्या संदेशात वर्ष आणि कालक्षेत्र नसते, तर २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये दोन्ही असतात. घड्याळ किंवा कालक्षेत्र चुकलेल्या उपकरणाचा संदेश 'काही तासांपूर्वीचा' ठरून अलर्टच्या कक्षेबाहेर पडू शकतो.

५. अस्तित्वात नसलेले उपकरण नोंदवून 'प्रतिसाद नाही' हा अलर्ट तपासता येतो का?

येतो. त्यासाठी मनाला येईल तो पत्ता घेऊ नये. आज रिकामा असलेला पत्ता उद्या कोणाला तरी दिला जातो. आरएफसी ५७३७ ने १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४ आणि २०३.०.११३.०/२४ हे तीन पट्टे केवळ लेखी उदाहरणांसाठी राखून ठेवले आहेत. तेथे कोणतेही खरे यंत्र असू नये असा संकेत आहे. त्यातील पत्ता घ्यावा आणि या पॅकेटनी आपल्या नेटवर्कची हद्द ओलांडू नये यासाठी सीमेवरील राउटरवर ते अडवावेत.

मर्यादा अशी की काही प्रणाली 'आधी चालू होते, आता बंद झाले' हा बदल पाहूनच अलर्ट देतात, आणि जन्मापासून मुके असलेले उपकरण त्यांच्या लेखी 'अजून तपासलेले नाही' याच अवस्थेत राहते. अशा वेळी एक लहानसे आभासी यंत्र उभे करावे, ते काही काळ चालू ठेवून मग बंद करावे. उपलब्धतेच्या मासिक अहवालातून हे उपकरण वगळायला विसरू नये.

६. एखाद्या खऱ्या, महत्त्वाच्या राउटरचाच 'प्रतिसाद नाही' अलर्ट तपासायचा आहे. राउटर बंद न करता ते कसे साधेल?

राउटरला आंधळे करण्याऐवजी देखरेख सर्व्हरला आंधळे करावे. सर्व्हरच्याच फायरवॉलमध्ये त्या एका पत्त्याकडून येणारी पॅकेट टाकून देण्याचा नियम घालावा. तो यादीत सर्वांत वर असावा, नाहीतर 'चालू जोडण्यांना परवानगी' हा आधीचा नियम त्याला निष्प्रभ करतो. बाहेर जाणारी पॅकेट अडवू नयेत, किंवा 'ब्लॅकहोल' (पॅकेट टाकून देणारा) मार्गही टाकू नये. तसे केल्यास सर्व्हरच्या प्रश्नाला लगेच त्रुटीचे उत्तर मिळते, तर खऱ्या बिघाडात वाट पाहून मुदत संपते. अनेक साधने या दोन गोष्टी वेगवेगळ्या मानतात. येणारी उत्तरे टाकली की शांतता अगदी खऱ्यासारखी होते.

त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. त्याच सर्व्हरवर रेडियस किंवा टॅकॅक्स (लॉगिन पडताळणाऱ्या सेवा) चालत असेल तर राउटरच्या प्रमाणीकरणाच्या विनंत्याही टाकल्या जातील आणि लॉगिन अडखळेल. त्याच सर्व्हरवर लॉग साठत असतील तर तेवढ्या वेळेतील नोंदी कायमच्या जातील. आणि चाचणीच्या काळात राउटरवर खरोखरच कोणाचे लक्ष नसेल, म्हणून दुसऱ्या यंत्रावरून पिंग चालू ठेवून एका माणसाने त्यावर नजर ठेवावी. नियम घालतानाच तो १५ मिनिटांनी आपोआप निघेल अशी आज्ञा आधी वेळापत्रकात टाकावी, आणि मगच नियम घालावा. हा क्रम उलटा करू नये.

७. सीपीयू, बँडविड्थ, तापमान यांचे अलर्ट तपासण्यासाठी उपकरणावर भार वाढवावा का?

वाढवू नये. वस्तू वर उचलण्यापेक्षा रेषा खाली आणावी. सीपीयूची मर्यादा ८० टक्के असेल आणि उपकरण १२ टक्क्यांवर चालत असेल, तर मूळ नियमाची प्रत काढून ती फक्त त्या एका उपकरणाला लावावी आणि प्रतीत मर्यादा ५ टक्के ठेवावी. मूळ नियमात हात घालू नये. 'दोन मिनिटांत परत ८० करतो' म्हणून बदललेली मर्यादा तशीच राहून जाणे हे फार सामान्य आहे, आणि मूळ नियम शंभर उपकरणांना लागू असेल तर त्या दोन मिनिटांत शंभर अलर्ट निघतात. भार वाढवण्यासाठी राउटरवर सर्व प्रकारचे डीबग (तपशीलवार तपास-नोंदी) चालू करणे ही तर स्वतःहून ओढवून घेतलेली आपत्तीच होय.

कालावधीची अट लक्षात घ्यावी. दर ५ मिनिटांनी वाचन आणि सलग ३ वाचने मर्यादेबाहेर असा नियम असेल, तर अलर्ट यायला १० ते १५ मिनिटे लागतील. चौथ्या मिनिटाला 'अलर्ट चालत नाही' असा निष्कर्ष काढू नये.

रेषा खाली आणल्याने नियम तपासला जातो, मोजमाप खरे आहे की नाही हे तपासले जात नाही. त्यासाठी उपकरणावर लॉगिन करून तेथील आकडा आणि देखरेख प्रणालीतील आकडा शेजारी ठेवावा. बँडविड्थच्या बाबतीत बिट आणि बाइट यांचा आठपटीचा घोळ नेहमीचाच. त्याहून फसवा प्रकार म्हणजे पोर्टचा वेग. एसएनएमपीतील जुना 'इफस्पीड' हा आकडा ३२ बिटांचा असल्याने सुमारे ४.२९ गिगाबिटच्या वर जाऊच शकत नाही. १० गिगाबिटच्या पोर्टसाठी 'इफहायस्पीड' वाचावा लागतो. नाहीतर टक्केवारी दुपटीहून अधिक फुगते आणि अलर्ट विनाकारण वाजतो.

८. चाचणीपुरता लूपबॅक इंटरफेस तयार करून तो बंद केला तर चालेल का?

चालेल. लूपबॅक हा केबल नसलेला, उपकरणाच्या आतला आभासी इंटरफेस असतो. ही पद्धत चांगली आहे, कारण ट्रॅप खऱ्या उपकरणातून, खऱ्या पत्त्यावरून निघतो आणि रहदारीला धक्का लागत नाही. इंटरफेस नवीन असावा. ज्याच्यावर राउटर आयडी किंवा व्यवस्थापनाचा पत्ता बसला आहे त्याला कधीही हात लावू नये.

खोच अशी आहे की आज्ञा देऊन बंद केलेल्या इंटरफेसची प्रशासकीय स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती दोन्ही 'बंद' होतात. केबल तुटल्यावर मात्र प्रशासकीय स्थिती 'चालू' आणि प्रत्यक्ष स्थिती 'बंद' असते. सुज्ञपणे लिहिलेला नियम पहिल्या प्रकाराकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष करतो. म्हणजे या चाचणीत अलर्ट न येणे हेच कदाचित बरोबर असेल. खरा दुसरा प्रकार हवा असेल तर वापरात नसलेला एक पोर्ट 'एज पोर्ट' म्हणून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (आभासी उपनेटवर्कमध्ये) ठेवावा, त्याला एखादे जुने यंत्र जोडावे आणि केबल त्या यंत्राच्या बाजूने काढावी, स्विचच्या नव्हे. गर्दीच्या रॅकमध्ये शेजारची केबल निघण्याचा धोका त्यामुळे टळतो.

९. पॉवर सप्लाय आणि पंखा यांचे काय?

हे भाग काढून पाहण्याची चाचणी जाहीर केलेल्या देखभालीच्या वेळेतच करावी. पंख्यांचा संच काढल्यावर काही उपकरणे थोड्याच मिनिटांत स्वतःला बंद करून घेतात. एरवी उपकरणाची एसएनएमपी उत्तरे नोंदवून घ्यावीत, त्यातील पॉवर सप्लायच्या स्थितीचा आकडा बदलावा आणि ती उत्तरे नक्कल करणाऱ्या साधनातून, उदाहरणार्थ एसएनएमपीसिम मधून, देखरेख प्रणालीला वाचायला द्यावीत.

१०. बीजीपी शेजारी तुटल्याचा अलर्ट तपासण्यासाठी खोटा शेजारी जोडला, पण ट्रॅप आला नाही. का?

बीजीपी ही राउटरनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत, आणि 'शेजारी' म्हणजे समोरचा राउटर. ट्रॅप आला नाही, कारण तो शेजारी कधी जोडलाच गेला नव्हता. तुटल्याचा ट्रॅप वरच्या अवस्थेतून खाली घसरल्यावर निघतो. जो सुरुवातीपासून 'अ‍ॅक्टिव्ह' किंवा 'आयडल' अवस्थेत आहे तो 'एस्टॅब्लिश्ड' (सत्र जुळलेल्या) अवस्थेतून घसरणार तरी कसा? ठरावीक वेळाने स्थिती वाचणारा नियम मात्र अशा शेजाऱ्यावर वाजतो. राउटिंगच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: दोन आभासी राउटर उभे करावेत, एफआरराउटिंग हे सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे, त्यांचे आपसात सत्र जमवावे आणि ते तोडावे. उत्पादनातील राउटरवर अशा प्रयोगासाठी एकही ओळ लिहू नये.

११. चाचणीचा अलर्ट खऱ्या अलर्टमध्ये मिसळून गोंधळ होऊ नये म्हणून काय करावे?

संदेशाच्या पहिल्याच शब्दात 'चाचणी' असावे. शेवटी लिहिलेला शब्द फोनच्या पडद्यावर दिसतच नाही. पहिली फेरी स्वतःच्या पत्त्यावर, ती जमली की दुसरी फेरी खऱ्या मार्गाने, खऱ्या पाळीवरच्या माणसाला, त्याला आधी सांगून. अलर्टमुळे आपोआप तिकीट उघडत असेल किंवा एखादी स्क्रिप्ट पोर्ट पुन्हा चालू करत असेल, रहदारी दुसऱ्या मार्गाने वळवत असेल, तर ती जोडणी आधी सोडवावी. नेटवर्कला धक्का न लावण्याची सर्व खबरदारी घेतल्यावर अशा स्क्रिप्टनेच मार्ग बदलल्याची उदाहरणे घडतात.

एसएमएसची लांबी देवनागरीत विशेष महत्त्वाची ठरते. साध्या रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० वर्णखुणा मावतात, पण युनिकोडमध्ये केवळ ७०, आणि काना-मात्रा त्यात वेगळ्या मोजल्या जातात. त्याहून लांब संदेश तुकड्यांत जातो आणि उपकरणाचे नाव दुसऱ्या तुकड्यात पडू शकते. चाचणीत मजकूर खऱ्या अलर्टइतकाच लांब ठेवावा.

१२. चाचणीच्या काळात बाकीचे अलर्ट बंद ठेवावेत का?

शक्य तेवढे टाळावे. ठेवायचेच असतील तर फक्त ज्या उपकरणावर काम चालू आहे त्याचे, आणि समाप्तीची वेळ टाकून. झॅबिक्स या देखरेख प्रणालीत देखभालीचे दोन प्रकार आहेत, माहिती गोळा करत राहणारा आणि न करणारा. चाचणीसाठी पहिला निवडावा, कारण दुसऱ्यात आलेखात भोक पडते. विसरलेला 'सायलेन्स' (अलर्ट तात्पुरता गप्प करण्याची नोंद) हा चुकलेल्या नियमापेक्षाही वाईट, कारण नियम पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसते.

१३. मुख्य स्विच बंद पडला की त्यामागच्या पन्नास उपकरणांचे अलर्ट येतात. असे जादा अलर्ट दाबून टाकणारी व्यवस्था कशी तपासावी?

प्रश्न ५ मधील आभासी यंत्रे येथे उपयोगी पडतात: एक 'पालक', त्याच्यावर अवलंबून असलेली तीन 'मुले'. पालक बंद केल्यावर एकच अलर्ट यावा. मग फक्त एक मूल बंद करावे. आता त्याचा अलर्ट आलाच पाहिजे. ही दुसरी अर्धी चाचणी जास्त महत्त्वाची, कारण अति दाबणारी व्यवस्था शांत असते आणि शांततेबद्दल कोणी तक्रार करत नाही. अलर्टमॅनेजर (प्रोमिथियस या देखरेख प्रणालीच्या सूचना पाठवणारे साधन) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्याच्या मूळ मांडणीत गटातील पहिली सूचना ३० सेकंद थांबते, गटात नंतर भर पडल्यास ५ मिनिटे आणि तोच अलर्ट पुन्हा पाठवायला ४ तास लागतात. 'दुसऱ्यांदा चाचणी केली तर काहीच आले नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच आकडे असतात.

१४. निरोप पाठवला, पण अलर्ट आला नाही. शोध कोठून सुरू करावा?

मधून. देखरेख सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन) लावून १६२ किंवा ५१४ या पोर्टवर पॅकेट येते का ते पाहावे. येत नसेल तर दोष नेटवर्कमध्ये किंवा पाठवणाऱ्याकडे. येत असूनही प्रणालीत दिसत नसेल, तर सर्व्हरचीच फायरवॉल, चुकीची कम्युनिटी (एसएनएमपीचा परवलीचा शब्द) किंवा न जुळणारा इंजिन आयडी; टीसीपीडंपला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसते, म्हणून तेथे दिसणे म्हणजे सेवेपर्यंत पोहोचणे नव्हे. प्रणालीत दिसूनही अलर्ट नसेल तर नियम, कालावधी (प्रश्न ७) किंवा सायलेन्स (प्रश्न १२).

१५. देखरेख प्रणालीच बंद पडली तर कळणार कसे?

तिच्या आतून कळणारच नाही. प्रोमिथियस वापरणारे यासाठी सदैव पेटलेला एक अलर्ट ठेवतात. तो दर काही मिनिटांनी बाहेरच्या स्वतंत्र सेवेकडे जातो आणि तो यायचा थांबला की ती सेवा ओरडते. याची चाचणी म्हणजे तो अलर्ट मुद्दाम थांबवणे. बाहेरची सेवा त्याच वीजजोडणीवर आणि त्याच इंटरनेट मार्गावर असेल तर या सगळ्याला अर्थ नाही.

१६. अशी चाचणी किती वेळा करावी?

तारखेपेक्षा बदलाला बांधलेली चाचणी अधिक उपयोगाची. उपकरणाचे फर्मवेअर बदलले की लॉगमधील शब्दरचना बदलू शकते. सर्व्हरचा पत्ता बदलला, प्रमाणपत्र नवे आले, पाळीची माणसे बदलली, की संबंधित कडी पुन्हा तपासावी. प्रश्न ३ आणि ४ मधील निरोप स्वयंचलित करून रोज पाठवणे सहज शक्य आहे. प्रश्न ६ ची चाचणी मात्र हाताने, लक्ष ठेवून, क्वचितच करावी.

१७. चाचणी चालू असतानाच खरा बिघाड झाला तर?

ज्या संदेशाच्या सुरुवातीला 'चाचणी' नाही तो खरा, हा नियम सर्वांना आधीच माहीत असावा. चाचणी थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे नसावा. पाळीवरच्या कोणीही 'थांबा' म्हटले की आधी फायरवॉलचा तात्पुरता नियम काढावा, मग सायलेन्स काढावेत, मग नियमाची चाचणी-प्रत बंद करावी, आणि त्यानंतरच बिघाडाकडे वळावे. हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवावा. खऱ्या राउटरची उत्तरे आपणच अडवून ठेवली आहेत हे गडबडीत विसरले गेले, तर चांगल्या राउटरमध्ये दोष शोधण्यात पहिला अर्धा तास जातो.